खरा स्क्रूज कोणता? १९५१ च्या एका चित्रपटाविषयीचा जुना वाद

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा सिनेमा कुठून आला. पण आज आपल्याला सिनेमाचं परीक्षण करायचं नाहीये. आपल्याला पाहायचाय तो प्रेक्षकांच्या मतांचा इतिहास. एखादी गोष्ट पाहून एखादी पिढी कशाला घाबरली, कशाला नावं ठेवून गेली आणि पुढच्या पिढीने तीच गोष्ट डोक्यावर का घेतली, हा त्या पिढ्यांविषयीचा पुरावा असतो. सरकारी दप्तरात तो सापडत नाही.

इंग्लंड-अमेरिकेत दर डिसेंबरात एक वाद हटकून होतो. खरा स्क्रूज कोणता? १९३८ चा रेजिनल्ड ओवेन, १९५१ चा अ‍ॅलस्टर सिम, १९७० च्या संगीतपटातला अल्बर्ट फिनी, १९८४ चा जॉर्ज सी. स्कॉट, की १९९२ मध्ये मपेट बाहुल्यांच्या घोळक्यात गंभीर चेहऱ्याने वावरणारा मायकेल केन? या यादीत सिमचं नाव बहुतेक वेळा वर असतं. गंमत अशी की तो चित्रपट अमेरिकेत पहिल्यांदा लागला तेव्हा फारसा चालला नव्हता. मग तो 'खरा' कधी झाला आणि कोणी केला, हा आपला आजचा प्रश्न.

आधी गोष्ट. आपल्याकडे नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'डक टेल्स' पाहिलेल्यांना नाण्यांच्या ढिगात सूर मारणारा अंकल स्क्रूज आठवत असेल. कार्ल बार्क्स या चित्रकाराने हे बदक १९४७ मध्ये काढलं आणि नाव उचललं ते डिकन्सकडून. मूळचा एबेनेझर स्क्रूज हा लंडनचा सावकार. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो भाच्याचं जेवणाचं निमंत्रण धुडकावतो, गरिबांसाठी वर्गणी मागायला आलेल्यांना हाकलतो आणि बॉब क्रॅचिट या कारकुनाला एक दिवसाची सुट्टी देतानाही कुरकुरतो. त्या रात्री सात वर्षांपूर्वी मेलेला त्याचा भागीदार मार्ली साखळदंड ओढत येतो. त्याच्यामागून तीन भुतं येतात: भूतकाळाचं, वर्तमानाचं आणि पुढे येणाऱ्या नाताळाचं. सकाळी उठतो तो वेगळाच माणूस. एवढीच गोष्ट आहे. क्रॅचिटचा पांगळा मुलगा टायनी टिम जगणार की मरणार, यावर तिचा सगळा जीव टांगलेला.

चार्ल्स डिकन्सने ती १८४३ च्या शरदात सुमारे सहा आठवड्यांत लिहिली. त्या वर्षी बालकामगारांच्या स्थितीविषयी संसदेपुढे आलेला चौकशी आयोगाचा अहवाल वाचून तो हादरला होता. गरिबांच्या मुलांसाठी एक पत्रक काढावं असं त्याने ठरवलं होतं. ते पत्रक निघालं नाही, त्याऐवजी ही गोष्ट आली. १९ डिसेंबरला प्रसिद्ध झाली आणि पहिल्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. किंमत पाच शिलिंग. आता हे लक्षात घ्या की गोष्टीतल्या क्रॅचिटचा पगार आठवड्याला पंधरा शिलिंग आहे. म्हणजे स्वतःची गोष्ट विकत घ्यायची तर त्याला आठवड्याच्या कमाईचा एक तृतीयांश भाग मोजावा लागला असता! रंगीत चित्रं आणि सोनेरी कडा यांवर डिकन्सने इतका खर्च केला की विक्री होऊनही हातात अपेक्षेच्या मानाने फारच थोडं पडलं.

पत्रकाऐवजी गोष्ट आली, हे विसरता कामा नये. कारण पुढचे सगळे वाद तिथूनच फुटतात. वर्गणी मागणाऱ्यांना स्क्रूज जे उत्तर देतो ते काही त्याच्या एकट्याच्या कंजूषपणाचं नाही. तुरुंग आहेत, गरीबखाने आहेत, त्यांच्यासाठी आपण कर भरतो. ज्यांना तिथे जायचं नसेल त्यांनी मरावं, जास्तीची लोकसंख्या तेवढीच कमी होईल, असा त्याचा आशय. हा १८३४ च्या सुधारित गरीब-कायद्यामागचा विचार होता आणि 'जास्तीची लोकसंख्या' हे सरळ माल्थसचं अर्थशास्त्र.

हा माल्थस आपल्याला परका नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी घडवणाऱ्या हेलिबरीच्या कॉलेजात तो जवळजवळ तीस वर्षं, १८३४ मध्ये मरेपर्यंत, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवत होता. इकडे राज्य करायला आलेल्या कित्येक तरुणांनी गरिबीविषयीचे पहिले धडे त्याच्या वर्गात घेतले. पुढे १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमधल्या मजुरांना रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावर दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा अशी मजुरी ठरवून दिली. जास्त दिलं तर लोक आळशी होतील, तिजोरीवर भार पडेल, असा तर्क. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध लेखणी झिजवली, हजारो मजुरांनी कामं सोडली. म्हणून आम्ही म्हणतो की स्क्रूजच्या तोंडचं वाक्य इथल्या माणसाने नुसती नाताळची गंमत म्हणून ऐकू नये. त्या विचाराने सोलापूर-विजापुरापर्यंत माणसं मोजली आहेत.

असो. परत लंडनला जाऊ.

ही गोष्ट पुस्तकात कधी गप्प बसलीच नाही. फेब्रुवारी १८४४ मध्येच लंडनच्या रंगभूमीवर तिची नाटकं सुरू होती. डिकन्स स्वतः ती भर सभागृहात वाचून दाखवायचा. १८७० मध्ये शेवटचं जाहीर वाचन केलं त्यातही ती होती. सिनेमा आला तसा स्क्रूजही आला. डब्ल्यू. आर. बूथचा १९०१ मधला मूकपट आजही तुकड्याने शिल्लक आहे. सीमोर हिक्स हा नट ही भूमिका रंगमंचावर वर्षानुवर्षं करत होता, त्याने १९३५ चा बोलपट केला.

मग १९३८ मध्ये हॉलिवूडच्या एमजीएमने आपला चित्रपट काढला. त्यात लायनेल बॅरीमोर असायचा होता. अमेरिकन रेडिओवर दर नाताळला स्क्रूज त्याचाच. पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि काम रेजिनल्ड ओवेनकडे गेलं. चित्रपट जेमतेम सत्तर मिनिटांचा, चकचकीत, कुटुंबाने एकत्र बसून पाहावा असा. त्यात स्क्रूजची तुटलेली सोयरीक नाही. वर्तमानाच्या भुताच्या झग्याखाली दडलेली ती दोन खंगलेली मुलं, अज्ञान आणि दारिद्र्य, तीही नाहीत. डिकन्सच्या न निघालेल्या पत्रकाचा जो अर्क होता, नेमका तोच गाळला. त्या वेळच्या प्रेक्षकांनी फारशी तक्रार केली नाही. मंदीची दहा वर्षं काढलेल्या माणसाला नाताळला घरी बसून दारिद्र्य पाहायची हौस नसते, हे समजण्यासारखं आहे. आजही या चित्रपटाचे चाहते आहेत आणि त्यांचा मुद्दा साधा असतो: यात ऊब आहे. ती आहेच.

आता १९५१. ब्रिटनमध्ये रिनाउन या कंपनीच्या जॉर्ज मिंटरने हा चित्रपट काढला, नाव नुसतं 'स्क्रूज'. दिग्दर्शक ब्रायन डेस्मंड हर्स्ट. पटकथा नोएल लँग्लीची, म्हणजे 'विझार्ड ऑफ ऑझ'च्या पटकथाकारांपैकी एकाची. संगीत रिचर्ड अ‍ॅडिन्सेलचं. स्क्रूज झाला अ‍ॅलस्टर सिम, मूळचा एडिंबराचा, आणि तोवर प्रेक्षकांना मुख्यतः विनोदी नट म्हणून माहीत असलेला. तरुण स्क्रूजचं काम केलं जॉर्ज कोलने. कोल हा किशोरवयापासून सिमच्या घरीच राहून अभिनय शिकलेला. त्यामुळे तरुण स्क्रूज मान कशी वळवतो, डोळे कसे मोठे करतो, हे पाहताना म्हाताऱ्याची ओळख पटते. ही माहिती नसलेल्या प्रेक्षकांनाही ती जाणवते, हे विशेष.

अमेरिकेत तो 'अ ख्रिसमस कॅरल' या नावाने आला. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये नाताळचं खास आकर्षण म्हणून तो लागायचा होता. चालकांनी पाहिला आणि नको म्हणाले. फार उदास आहे, घरच्या मंडळींनी पाहण्याजोगा नाही, असं त्यांचं मत पडलं. शेवटी नोव्हेंबरअखेर तो जवळच्याच, त्याहून पुष्कळ लहान गिल्ड थिएटरात लागला. 'व्हरायटी' या धंद्याच्या पत्राने मुलं किंचाळतील असं म्हणून झोडला. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये बॉस्ली क्राउदरने उलट त्याच काळोखासाठी त्याची तारीफ केली. म्हणजे पहिल्या आठवड्यातच दोन पक्ष पडले, आणि दोघे एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते. एकाला जे भीतीदायक, ते दुसऱ्याला खरं.

ब्रिटनमध्ये मात्र चित्रपट चांगला चालला. का चालला असेल? युद्ध संपून सहा वर्षं झाली होती, तरी मांस, साखर, लोणी अजून रेशनवर. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने जुना गरीब-कायदा मोडीत निघाला होता. त्याच वर्षी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. गरीबखान्यांच्या कित्येक इमारतींवर इस्पितळाची पाटी लागली. पण म्हातारी माणसं त्या इमारतीत उपचाराला जायलाही तयार नसत. पाटी बदलली तरी दार तेच, ही धास्ती. अशा माणसांनी थिएटरात बसून स्क्रूजच्या तोंडून गरीबखान्यांची चौकशी ऐकली. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला तो जुन्या पुस्तकातला शब्द होता. यांच्यातल्या कोणाकोणाच्या आजीने तिथे दिवस काढले होते. एकाच दृश्यावर दोन देशांची दोन मतं का पडली, याचं एक कारण आम्हाला इथे दिसतं.

मग अमेरिकेत मत फिरलं कसं? टीव्हीने. पन्नाशीच्या सुरुवातीला हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्या आपले जुने चित्रपट टीव्हीला द्यायला तयार नव्हत्या. टीव्ही त्यांचा वैरी होता. स्थानिक वाहिन्यांना तर रोजचे तास भरायचे होते. त्यांना स्वस्तात मिळाले ते ब्रिटिश चित्रपट. त्या लाटेत हाही आला आणि दर डिसेंबरात लागू लागला. थिएटरात उदास वाटलेला चित्रपट घरातल्या छोट्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर, बाहेर अंधार पडलेला असताना, मुलांनी आईबापांच्या कुशीत बसून पाहिला. घाबरली नक्कीच. पण घरात घाबरणं आणि थिएटरात घाबरणं यात फरक असतो. ही मुलं मोठी झाली आणि त्यांच्या मते खरा स्क्रूज तोच. जाणकार म्हणतील की हा निव्वळ सवयीचा परिणाम. अंशतः असेल. पण त्याच पडद्यावर १९३८ चाही लागत होता आणि तो या जागी बसला नाही.

आता प्रेक्षक ज्यावर सगळ्यात जास्त भांडतात तो मुद्दा घेऊ: पुस्तकाशी इमान. लँग्लीने गोष्टीत बरंच घुसडलं. पुस्तकात फॅन ही स्क्रूजची धाकटी बहीण. चित्रपटात ती मोठी, कारण इथे स्क्रूजच्या जन्माच्या वेळी त्याची आई वारते आणि बाप त्याला ते कधी माफ करत नाही. फॅनही बाळंतपणात जाते, आणि स्क्रूज त्या बाळाचा म्हणजे भाच्याचा राग धरून बसतो. बहुतेक प्रेक्षकांना ही भर आवडते. स्क्रूज असा का झाला ते कळतं, असं म्हणतात. फॅनचे शेवटचे शब्द न ऐकताच तो खोलीबाहेर पडलेला असतो आणि ते त्याला भुताबरोबर उभं राहून आता ऐकू येतात, ते दृश्य पाहून डोळे न ओलावणारा माणूस विरळा.

तरीही आमचं मत वेगळं आहे. युद्धोत्तर चित्रपटांना मनोविश्लेषणाची चटक लागली होती. 'द सेव्हन्थ व्हेल'सारख्या चित्रपटाला ब्रिटनमध्ये तुफान गर्दी झालेली. बालपणात एक जखम दाखवली की माणसाचा उलगडा झाला, ही ती रीत. डिकन्सने शाळेत एकटा पडलेला पोरगा दाखवला आणि कारणांच्या फार मागे लागला नाही. त्याचा स्क्रूज कठोर होतो तो हळूहळू, स्वतः निवड करत. आईचा मृत्यू आणून लँग्लीने त्याला थोडा सूट देणारा दाखला मिळवून दिला.

पण त्याच लँग्लीची दुसरी भर आम्हाला पूर्ण पटते. जॅक वॉर्नरने केलेला जॉर्किन हा व्यापारी पुस्तकात कुठेच नाही. तो तरुण स्क्रूजला मायाळू फेझिविगच्या पेढीतून फोडतो. काळ यंत्रांचा येतोय, जुन्या पद्धतीचे व्यापारी बुडणार, हे त्याला गोड बोलून पटवतो. फेझिविगची पेढी पुढे खरंच गिळली जाते. मग जॉर्किननेच कंपनीचा पैसा खाल्ल्याचं उघड होतं, तेव्हा स्क्रूज आणि मार्ली तूट भरून देतात आणि बदल्यात अर्ध्याहून थोडे जास्त समभाग मागून कंपनी खिशात घालतात. संचालक मंडळाच्या खोलीत, शांत आवाजात. इथे कुणाची आई मरत नाही. इथे स्क्रूज घडतो तो बाजारात. एकाच पटकथेत दोन कारणं आहेत, एक घरातलं आणि एक पेढीतलं, आणि ती एकमेकांना नीट जुळत नाहीत. प्रेक्षकही त्यामुळे दोन चित्रपट पाहतात असं आम्हाला वाटतं. काहींना दुःखी मुलाची गोष्ट दिसते, काहींना भांडवलाची.

बारीकसारीक मतंही ऐकण्याजोगी असतात. ग्लिन डिअरमनचा टायनी टिम आजारी मुलाच्या मानाने फारच धडधाकट दिसतो, ही तक्रार खरी आहे. नाताळच्या सकाळच्या दृश्यात आरशात चित्रीकरण करणाऱ्यांपैकी कोणीतरी दिसून जातं. ते शोधणं हा कित्येक घरांतला वार्षिक खेळ. सुरुवातीला खाणावळीत स्क्रूज आणखी पाव मागतो, वाढपी अर्धी पेनी जादा सांगतो, आणि हा मागणी मागे घेतो. मिनिटभराचंही दृश्य नाही, पण कंजूष माणूस स्वतःलाही सोडत नाही हे त्यात आलं. तसंच मार्ली मरणाला टेकल्याचा निरोप येतो तेव्हा स्क्रूज पेढी बंद व्हायची वेळ होईपर्यंत जागचा हलत नाही.

आणि ती सकाळ. इथे मात्र भांडण मिटतं. सिमचा स्क्रूज जागा होतो, जिवंत आहोत हे त्याला कळतं आणि तो अक्षरशः वेडापिसा होतो. कॅथलीन हॅरिसनची मिसेस डिल्बर, त्याची मोलकरीण, ते पाहून जिवाच्या आकांताने किंचाळत जिन्यावरून पळते. तो तिच्यामागे धावतो, हातात गिनी ठेवतो, पगार वाढवतो. तिला वाटतं तोंड बंद ठेवण्यासाठीच देतोय. विनोदी नटाला गंभीर काम का दिलं, या शंकेचं उत्तर त्या पाच मिनिटांत आहे. आनंद हा माणसाला हास्यास्पद करून सोडतो आणि सिमला त्याची लाज वाटत नाही. नंतर तो भाच्याच्या दारात उभा राहतो. आत जायचा धीर होत नाही. दार उघडणारी मोलकरीण एक शब्द न बोलता नुसती मान हलवून त्याला आत जा म्हणते. त्या निनावी मुलीच्या मान हलवण्यावर लोक आजही भरभरून बोलतात.

याउलट एक प्रेक्षकवर्ग असा आहे की ज्याला ही सकाळच खटकते. एक श्रीमंत सुधारला, एका कारकुनाचा पगार वाढला, एक मूल वाचलं. बाकीच्या क्रॅचिटांचं काय? जॉर्ज ऑर्वेलने १९४० च्या आपल्या निबंधात डिकन्सविषयी साधारण हाच आक्षेप मांडला होता: डिकन्स माणसांना चांगलं वागायला सांगतो, व्यवस्था बदलायला सांगत नाही. पण ऑर्वेल तिथे थांबला नाही. चांगुलपणाची ती मागणी वाटते तितकी उथळ नाही असंही त्याने म्हटलं. १९५१ च्या ब्रिटिश प्रेक्षकाकडे कायदा होता, आरोग्यसेवा होती. टिमचा पाय मालकाच्या मर्जीवर राहिला नव्हता. त्याच शरदात निवडणूक झाली, मजूर पक्ष हरला आणि चर्चिल परत आला. नवी व्यवस्था टिकेल की नाही याची कुजबुज सुरू असताना लोक थिएटरात जाऊन एका मालकाच्या हृदयपरिवर्तनावर रडत होते. त्यात विसंगती होती असं आम्हाला वाटत नाही. कायदा झाला की दयेची गरज संपते, असं त्या प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना वाटत असावं.

१९८९ मध्ये या चित्रपटाला संगणकाने रंग दिला गेला. जुने चाहते चिडले. आमचंही मत त्यांच्या बाजूचं: पेनिंग्टन-रिचर्ड्सच्या छायाचित्रणात जिन्यावरची जी सावली मार्लीच्या आधी घरात शिरते, ती रंगात उरत नाही.

सिम आणि मार्लीचं काम केलेला मायकेल हॉर्डर्न या दोघांनी वीस वर्षांनी तेच आवाज पुन्हा दिले. १९७१ मध्ये रिचर्ड विल्यम्सने केलेल्या अर्ध्या तासाच्या आतल्या चलत्चित्रपटासाठी. तो आधी टीव्हीवर दाखवला, मग थिएटरात लावला आणि त्याला ऑस्कर मिळालं. टीव्हीवर आधी दाखवलेल्या कृतीला पारितोषिक कसं, यावर सिनेमावाल्यांनी एवढा गोंधळ केला की अकादमीला नियम बदलावा लागला. त्या चित्रपटात झग्याखालची ती दोन मुलं आहेत. १९३८ मध्ये गाळलेली, १९५१ मध्ये परत आणलेली, आणि इथे इतक्या जवळून, इतक्या भेसूर चेहऱ्यांनी रेखाटलेली की आईबापांनी पुन्हा तीच तक्रार केली: हे मुलांनी पाहण्याजोगं नाही.